शिवलेला आहेर

आमच्या अस्मिताने साखरपुड्यासाठी एकच अट घातली आणि ती ऐकून घरातल्या बायकांनी डोक्याला हात लावला. घरातल्या बायका म्हणजे एकटी माझी बायको राजलक्ष्मी, पण काळजी करायला बसली की ती बहुवचनी होते. अट अशी की साखरपुड्याला दोन्हीकडच्या कुणीही नवा कपडा विकत घ्यायचा नाही. कपाटातलं, माळ्यावरचं, कुणाचं मागून आणलेलं, उसवून परत शिवलेलं, काहीही चालेल. "नवं दिसलं, तर मी पाटावर बसणार नाही," असं तिने सांगितलं. सुयशला, म्हणजे होणाऱ्या जावयाला, हे मान्य होतं. त्याचं सध्या सगळंच मान्य असण्याचं वय चालू आहे.

"अगं, पण त्या लोकांना काय वाटेल?" राजलक्ष्मी म्हणाली.

'ते लोक' म्हणजे सुयशचे वडील, शहाजीराव. मूळचे कराडकडचे, आता कोपरखैरण्याला राहतात. पहिल्या भेटीला आमच्या नेरूळच्या घरी आले, सोफ्यावर ताठ बसले, पोहे खाल्ले आणि गेले. एकूण जे बोलले ते 'बरं', 'हं' आणि 'मीठ नको' यांत संपलं. बोलायचं सगळं काम त्यांच्या पत्नीने, ज्ञानेश्वरीताईंनी केलं. ते गेल्यावर दार लावता लावताच राजलक्ष्मीने निकाल दिला. "त्यांना स्थळ पसंत नाही. पोराच्या हट्टापायी गप्प आहेत. आणि आता त्यांच्यासमोर आपण जुनेरं नेसून उभं राहायचं!"

मला वाटलं, ही उगाच घाबरते. पण मग मलाही राहून राहून तो 'हं' आठवायला लागला. 'हं' हा फार वाईट शब्द आहे. 'नाही'शी भांडता येतं, 'हं'चं काय करणार? पोरगी त्या घरात जाणार, आणि त्या घराचा कर्ता तिला मनापासून हो म्हणतोय की नुसतं चालवून घेतोय, हे कळायला मार्ग नव्हता. तेव्हा साखरपुड्याला मुलीच्या बापाने निदान व्याह्याला लाज वाटणार नाही इतपत दिसावं, एवढी जबाबदारी माझ्यावर आली. जबाबदारी लहान असली की मी ती फार गांभीर्याने घेतो.

कपाट उघडलं. निवृत्त माणसाच्या कपाटात दोनच प्रकारचे कपडे असतात, न होणारे आणि न शोभणारे. म्हणून मी माळ्यावर चढलो. तिथे आमची आहेराची ट्रंक आहे.

आहेराच्या कापडाविषयी मला कायम कुतूहल वाटत आलं आहे. लग्नात, मुंजीत, वास्तुशांतीत आपल्याला शर्टपीस-पँटपीस मिळतो. आपण 'अहो, कशाला?' म्हणतो, घरी आणतो, ट्रंकेत टाकतो आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याला देतो. तोही 'अहो, कशाला?' म्हणतो. हे कापड असं बोरिवली, डोंबिवली, पनवेल करत वर्षानुवर्षं फिरत असतं. कोणता पीस कुठून आला आणि कुठे जायचाय हे राजलक्ष्मीला तोंडपाठ असतं. पण यातला एखादा पीस शेवटी कुणी शिवतो का? मी सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींत चौकशी केली. कुणीच शिवला नव्हता. एक गृहस्थ म्हणाले, "आमच्याकडे एकाने शिवला होता, पण ते वारले." दोन्ही गोष्टींचा संबंध काय ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारवेना.

मी ट्रंकेतून एक करडा, जरा जाडसर विणीचा पीस काढला. घरात कैक वर्षं पडून असलेला, म्हणजे अटीत बसणारा. अस्मिता म्हणाली, "बाबा, भारी आहे! हेच शिवा." राजलक्ष्मी भाजी आणायला गेली होती, हे मी संधी म्हणून नव्हे, योगायोग म्हणून नमूद करतो.

आमच्या शेजारच्या करावे गावात नामा टेलरचं दुकान आहे. दुकान म्हणजे नामाच्याच तीन मजली इमारतीचा तळमजला. वर भाडेकरू, खाली नामा आणि त्याचं मशीन. "घरी बसलो तं बायको काम सांगते, मंग हितं बसतो," असं त्याचं व्यवसायामागचं तत्त्वज्ञान आहे. त्याने पिसाची घडी उलगडली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देव्हाऱ्यातली मूर्ती गहाण ठेवायला आणली आहे.

"सायेब, यो आहेराचा कापड हाय ना?"

"हो."

"यो शिवाचा नसतो. यो द्याचा असतो."

"का बरं?"

"मापानं बगा ना." त्याने पट्टी लावली. "यात तुमचा कोट होनार नाय. पँट व्हईल, पन गुडघ्यापातुर. बनवनाऱ्याला पन ठावं हाय, कोन शिवनार नाय म्हनून. मंग कशाला पुरा कापड देल तो?"

मी थक्क झालो. म्हणजे महाराष्ट्रभर पिढ्यान्‌पिढ्या आपण एकमेकांना अपुरं कापड देत आलो, आणि कुणी कधी मोजलंच नाही! नामाचं लक्ष माझ्या थक्क होण्याकडे नव्हतं. तो म्हणाला, "जाकीट करू. पुरचा भाग या कापडाचा. मागचा आपन आपला लावू."

"आपला म्हणजे?"

त्याने खणातून लाल साटीन काढलं. गावातल्या बँडवाल्यांचे ड्रेस शिवून उरलेलं. लाल म्हणजे लांबून बस थांबावी इतकं लाल.

"नामा, हे फार होतंय."

"मागं कोन बघतो सायेब? व्याह्याला तोंड दावाचा, पाठ नाय."

वाक्य इतकं पटण्यासारखं होतं की मी जाकीट शिवायला टाकलं.

राजलक्ष्मीला कळायला वेळ लागला नाही. तिने ट्रंक उघडली, एक जागा रिकामी पाहिली आणि मला हाक मारली. "अहो, शिवलंत? आहेराचं कापड शिवलंत?" शेतकऱ्याच्या घरात कुणी बियाणं शिजवून खाल्लं तर याच सुरात विचारत असतील. "तो पीस डोंबिवलीच्या मावशींना जायचा होता! त्यांच्याकडून तो पनवेलला!" संध्याकाळी मावशींचा फोन आला. "तुला थंडी वाजत होती का रे? सांगायचंस, स्वेटर पाठवला असता," म्हणाल्या. पनवेलहून नुसताच उसासा आला. एका जाकिटापायी मी तीन शहरांतलं दळणवळण तोडलं होतं.

आता बूट. माझ्या चपला साखरपुड्याला नेण्यासारख्या नव्हत्या आणि नवे बूट अटीत बसत नव्हते. आमच्या सोसायटीत जिन्याखाली एक 'घ्या-द्या कपाट' आहे. नको असलेल्या चांगल्या वस्तू तिथे ठेवायच्या, हव्या त्याने न्यायच्या. त्यात मला काळे बूट दिसले. चकचकीत आणि बहुधा एकदाही न घातलेले. मी ते उचलले, तर मागून आवाज आला, "काका, एक मिनिट." सेक्रेटरी गीतांजलीबाई.

"तुम्ही गरजू आहात का?"

"बुटांच्या बाबतीत, हो."

"असं थोडंसं गरजू चालत नाही, काका. कमिटीचा ठराव आहे, वस्तू गरजूंनाच. मागे ए विंगच्या एकांनी तिथला मिक्सर नेला आणि विकला."

"मग मी काय करू?"

"गरजू असल्याचं सांगा. तोंडी चालेल."

मी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणालो, "आहे."

"थोडं मोठ्याने. वॉचमन साक्षीदार आहे."

आयुष्यात मी बऱ्याच गोष्टींची कबुली दिली आहे, पण जिन्याखाली उभं राहून, हातात दुसऱ्याचे बूट धरून, मोठ्याने 'मी गरजू आहे' म्हणणं, याची सर कशालाच नाही. वॉचमनने मान खाली घातली. गीतांजलीबाईंनी माझा बुटांसकट फोटो काढला आणि मी लिफ्टने वर पोचेपर्यंत तो सोसायटीच्या ग्रुपवर होता. 'बी विंगच्या काकांना बूट देण्यात आले. सोसायटी गरजूंच्या पाठीशी उभी आहे.' खाली हात जोडलेल्यांची रांग.

त्या दिवसापासून माझं सामाजिक स्थान बदललं. तळमजल्यावरच्या मालतीबाई डब्यातून वालाचं बिरडं घेऊन आल्या. "तुम्ही बोलून दाखवत नाही, पण शेजाऱ्यांना कळतं हो," म्हणाल्या आणि राजलक्ष्मीचा हात थोपटला. इस्त्रीवाल्याने उधारीवर चालेल असं न विचारताच सांगितलं. वॉचमनने तर मला स्वतःच्या थर्मासमधला चहा पाजला. चहा चांगला होता, म्हणून मी काही खुलासा केला नाही.

राजलक्ष्मीने मात्र ग्रुपवरचा तो फोटो माझ्यासमोर धरला. "कोपरखैरणे काय लांब आहे? हे शहाजीरावांपर्यंत गेलं तर? आधीच त्यांना आपण पसंत नाही. आता म्हणतील, व्याही बूट मागून घालतो!"

"पण अटच ती आहे ना. मागून घाला."

"अट पोरांनी घातलीय. त्यांनी नाही."

निदान बूट पायात नीट बसावेत म्हणून मी दुसऱ्या दिवशी सकाळी ते घालून तलावाभोवती फेरी मारायला गेलो. सुरुवात झोकात झाली. थोड्या वेळाने मला आपण जरा बुटके झाल्यासारखं वाटलं. वयोमानाने होतं असं ऐकलं होतं, पण इतक्या लवकर? मागून येणाऱ्या एक बाई म्हणाल्या, "काका, तुमचं काहीतरी पडतंय." वळून पाहिलं, तर मी आलो त्या वाटेवर काळ्या चुऱ्याची बारीक रांग होती आणि तिच्यामागे एक कुत्रं हुंगत येत होतं. तळवे झडत होते. शेवटच्या वळणाला उजव्या पायाचा तळ पूर्ण सुटला आणि मी वरून साहेब, खालून अनवाणी, असा घरी आलो.

न वापरलेला बूट न वापरताच कसा काय संपतो? या प्रश्नाने मला जेवण जाईना. तेव्हा मी चौथ्या मजल्यावरच्या परुळेकरांकडे गेलो. ते तळोज्याच्या एका केमिकल कंपनीतून निवृत्त झाले आहेत आणि अजूनही जगाकडे वासावरून पाहतात. त्यांनी तळव्याचा तुकडा हुंगला.

"फोमचा तळ. पडून राहिला की हवेतला ओलावा त्याला आतून खातो. त्यात आपण खाडीकाठी. रोज घातला असता तर टिकला असता."

"म्हणजे जपून ठेवला म्हणून मेला?"

"बरोब्बर. आमच्या मेव्हण्याचंही तसंच झालं," परुळेकर म्हणाले, आणि मेव्हणा अजून हयात आहे हे मला ठाऊक असल्याने मी जास्त खोलात गेलो नाही. "काळजी करू नका. मी जुन्या टायरचा तळ लावून देतो. माझ्याकडे असं चिकट आहे की प्रलय झाला तरी सुटणार नाही."

गॅलरीत वर्तमानपत्र पसरून त्यांनी काम केलं. टायर बुटाला चिकटला. वर्तमानपत्र टायरला चिकटलं. प्रलयाची हमी असल्याने ते निघेना. माझ्या उजव्या तळव्यावर कायमचे छोट्या जाहिरातींचे रकाने आले आणि डाव्यावर राशिभविष्य. वास इतका उग्र होता की बूट आठवडाभर गॅलरीत टांगले, तर कबुतरांनी गॅलरी सोडली. राजलक्ष्मीने हा त्या बुटांचा एकमेव उपयोग म्हणून मान्य केला.

साखरपुड्याच्या दिवशी मी सोसायटीच्या हॉलवर लवकर गेलो. पुढून करडा, मागून बँड, आणि पावलागणिक फरशीवरून उठणारा 'च्यॅक' असा आवाज. हॉलच्या दारात गुरुजी उभे होते. म्हणाले, "पादत्राणं बाहेर काढा." सगळ्यांनीच काढली. दाराबाहेर वहाणांचा ढीग पडला, त्यात माझे बूट कुठे गडप झाले कळलंही नाही. ज्यांच्यासाठी मी साक्षीदारासमोर गरजू झालो, ते बूट कुणी पाहिलेसुद्धा नाहीत.

राहिली पाठ. कुणालाही ती दिसू नये म्हणून मी भिंतीला लागून सरकत होतो. अस्मिता आजीच्या इरकलीत छान दिसत होती. राजलक्ष्मीने स्वतःच्या लग्नातला शालू नेसला होता आणि डोळे दाराकडे लावले होते.

शहाजीराव आले. करडा थ्री-पीस सूट, सगळी बटणं लावलेली, मान ताठ, चेहरा लालसर. मी भिंत न सोडता नमस्कार केला. त्यांनी हनुवटी किंचित खाली केली.

"या, बसा ना," राजलक्ष्मी म्हणाली.

त्यांनी मान हलवून नको म्हटलं.

"कोकम सरबत?"

पुन्हा नको. ज्ञानेश्वरीताई घाईघाईने म्हणाल्या, "असू द्या हो, त्यांना उभंच बरं वाटतं."

राजलक्ष्मी माझ्याजवळ आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "पाहिलंत? आपल्याकडे बसायलासुद्धा तयार नाहीत. पाण्यालाही शिवत नाहीत. अहो, अजून अंगठ्या घातल्या नाहीत. अस्मिताशी बोलू का मी?"

मी शहाजीरावांकडे पाहिलं. हॉलच्या मधोमध ते पुतळ्यासारखे उभे होते आणि कुणाशीच बोलत नव्हते. जाकीट, बूट, पाठ हे सगळं त्या क्षणी पोरकट वाटलं.

तेवढ्यात गुरुजींनी पुकारलं, "व्याहीभेट!"

व्याहीभेट ही काही टाळता येत नाही. दोन्ही बापांनी पुढे यायचं, एकमेकांना गंध लावायचं आणि छातीला छाती लावून मिठी मारायची. मी भिंत सोडली. पाठीमागून "अय्या!" असे दोनतीन आवाज आले, पण मी मागे वळलो नाही. गंध लावलं. मिठी मारली. शहाजीरावांचे हात साटीनवरून घसरले. मग फोटोवाला "झालं, सोडा" म्हणाला आणि मी मागे सरकलो.

शहाजीरावही माझ्याबरोबर आले.

मी पुन्हा सरकलो. ते पुन्हा आले. खाली पाहिलं, तर त्यांच्या वेस्टकोटाच्या आत ओळीने लावलेल्या सेफ्टी पिनांपैकी काही उघडल्या होत्या आणि माझ्या जाकिटाच्या जाडसर विणीत शिरून बसल्या होत्या. आमची व्याहीभेट चालूच राहिली.

दोन्ही विहिणी धावल्या. ज्ञानेश्वरीताईंनी पर्समधून नेलकटर काढलं. "माझ्या यांचं कापते."

"छे, छे, तुम्ही मुलाकडचे. यांचं कापा," राजलक्ष्मी म्हणाली.

"असं कसं? यांच्या पिनांनी झालंय."

"पण यांचं कापड आहेराचं आहे, त्याला काही होत नाही."

या आग्रहात कुणाचंच कापलं जाईना. गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "मुहूर्त टळतोय. यजमान असेच राहिले तरी विधीला बाधा नाही. मुलीला पाटावर बसवा."

म्हणून विधी सुरू झाला आणि आम्ही दोघे बाप बाजूला, एकमेकांच्या श्वासाच्या अंतरावर, उभे राहिलो. श्वास खरं तर माझाच येत होता. शहाजीरावांचा जवळजवळ नव्हताच. इतक्या जवळून माणसाशी गप्प राहता येत नाही. मी हळूच विचारलं,

"शहाजीराव, एक विचारू? खरं सांगा. तुम्हाला हे लग्न पसंत आहे ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ जेमतेम हलवत, कोंडलेल्या आवाजात म्हणाले, "अहो, हा माझ्या लग्नातला सूट आहे. पोराने नवा घेऊ दिला नाही. बसलो तर फुटंल, पाणी प्यालो तर फुटंल, बोललो तरी फुटंल. घरनं निघाल्यापासनं पोट आत वढून उभा हाय. पसंत नसतं, तर एवढं केलं असतं व्हय?"

मी त्यांच्या ताणलेल्या बटणांकडे पाहिलं. मग म्हणालो, "सोडा."

"सोडू?"

"सोडा हो. घरचीच माणसं आहेत."

शहाजीरावांनी सोडलं. आधी एक बटण गेलं, मग दुसरं, मग पाठीची शिवण लांबलचक आवाज करत वरपर्यंत उसवली, पिना सटासट निघाल्या आणि आम्ही दोघे सुटलो. नेमक्या त्याच क्षणी तिकडे अस्मिताने सुयशच्या बोटात अंगठी सरकवली आणि हॉलभर टाळ्या झाल्या. राजलक्ष्मी टाळ्या वाजवायची विसरून शहाजीरावांच्या उघड्या वेस्टकोटाकडे आणि त्यातून मोकळ्या झालेल्या पोटाकडे पाहत होती.

शहाजीरावांनी शेजारची खुर्ची ओढली, ऐसपैस बसले, आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"विहीणबाई, आता ते सरबत आणा बघू. दोन आणा."